बिल्डर, स्वयंपुनर्विकास की क्लस्टर? ठाण्यातल्या जुन्या सोसायटीने काय बघून ठरवावं

चरई, उथळसर, कोपरी, राबोडी, श्रीनगर, सावरकरनगर. घोडबंदर रोडच्या होर्डिंगवर हे ठाणं दिसत नाही. चार मजली इमारती, लिफ्ट नाही, गच्चीवर पत्र्याची शेड, तरी पावसाळ्यात वरच्या मजल्याला गळती. अशा सोसायट्यांच्या सभांमध्ये सध्या तीनच शब्द फिरतात: बिल्डर, स्वयं (सोसायटीनेच स्वतः बांधायचं) आणि क्लस्टर (आजूबाजूचा अख्खा पट्टा एकत्र पाडून बांधायचा). तिघांचेही कैवारी सभेत असतात, आणि भांडण बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर होतं, "किती टक्के वाढवून मिळणार?"

माझं मत आधीच सांगतो. टक्के हा सगळ्यात शेवटी बघायचा आकडा आहे. त्याआधी तीन गोष्टी बघा: जमीन कुणाच्या नावावर आहे, समोरचा रस्ता किती मीटरचा आहे, आणि दोन-तीन वर्षं पदरमोड करून धावपळ करणारी चार-पाच माणसं तुमच्या सोसायटीत आहेत का. यांची उत्तरं मिळाली की तीनपैकी एखादा पर्याय आपोआप गळतो, कधी कधी दोन गळतात.

आधी कागद आणि टेप

प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा काढा. त्यावर अजून मूळ जमीनमालकाचं किंवा जुन्या विकासकाचं नाव असेल, तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं नाही. ठाण्यात अशा सोसायट्या ढिगाने आहेत. मूळ मालक वारला, वारस सहा, त्यातले दोन परदेशात, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. यावर उपाय आहे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा. जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा, मालक आला नाही तरी सुनावणी होऊन आदेश निघतो. वेळ जातो, पण जमीन नावावर असलेली सोसायटी बिल्डरसमोर वेगळ्याच सुरात बोलते. बँकही कर्जाच्या अर्जाबरोबर पहिला कागद तोच मागते.

मग रस्ता. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीत एफएसआयचं, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल याचं, गणित रस्त्याच्या रुंदीवर बांधलेलं आहे. मूळ एफएसआय १.१. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर त्यावर प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा) नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) नाही. ९ ते १२ मीटरला दोन्ही मिळून एकूण २ पर्यंत जाता येतं, १२ ते १५ ला २.२५, १५ ते २४ ला २.५. त्याच्यावर निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत अँसिलरी, म्हणजे पूरक एफएसआय, वेगळा. शिवाय ३० वर्षं जुन्या किंवा धोकादायक ठरलेल्या इमारतीला वेगळी सवलत आहे: जुन्या अधिकृत बांधकामाच्या ३० टक्के किंवा दर घरामागे १५ चौरस मीटर, यातलं जे जास्त असेल ते. 'अधिकृत' हा शब्द मात्र नीट वाचा. गच्चीवर किंवा मागच्या मोकळ्या जागेत पुढे वाढवलेलं बांधकाम यात धरत नाहीत.

नौपाडा, चरईतल्या गल्ल्या सहा-सात मीटरच्या. तिथे आपली संरक्षक भिंत दीड मीटर आत घेऊन रस्ता नऊचा करायचा मार्ग निघू शकतो, पण समोरच्या सोसायटीनेही तेच करायला हवं. म्हणजे तुमचा पुनर्विकास बऱ्याचदा समोरच्यांच्या सभेत ठरतो. त्यामुळे बिल्डरला बोलावण्याआधी त्यांच्या सेक्रेटरीला चहाला बोलवा.

बिल्डर

सगळ्यात सोपा दिसणारा आणि सगळ्यात जास्त वाचायला लावणारा रस्ता. पैसा त्याचा, परवानग्या त्याच्या, विक्रीची डोकेदुखी त्याची. तुम्हाला वाढीव जागा, भाडं, शिफ्टिंग, ब्रोकरेज, कॉर्पस (पुढच्या मेंटेनन्ससाठी एकरकमी पैसे). बदल्यात विक्रीच्या घरांचा नफा त्याचा.

इथे टक्क्यांचं प्रकरण एकदा जवळून बघूच. समजा तुमचं घर जुन्या मोजणीने ४०० चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतीच्या आतली निव्वळ चालायची जागा. एक जण ३० टक्के देतो, दुसरा ३५. सभेत टाळ्या दुसऱ्याला. पण दुसऱ्याच्या ऑफरमध्ये बारीक अक्षरात 'रेरा कार्पेट' (घरविक्रीच्या रेरा कायद्यातली मोजणी) लिहिलेलं असतं, आणि रेरा कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही धरतात. ५४० चौरस फूट रेरा कार्पेटमधून आतल्या भिंती वीस-बावीस फूट खाणार असतील, तर हातात उरतात ५१८-५२०. झाले तीसच टक्के. पहिल्याने निव्वळ कार्पेटवर ३० दिले असतील तर दोघं एकाच जागी उभे आहेत, आणि मग बघायचं असतं की भाडं कोण किती महिन्यांचं आगाऊ देतो. बाल्कनी रेरा कार्पेटमध्ये येत नाही, ती वेगळी लिहून घ्यावी लागते. तुम्ही १९९५ साली गॅलरी बंद करून हॉलला जोडली असेल, तर ती जुन्या मोजणीत धरली की नाही हेही विचारा. प्रत्येक घराची मोजणी सोसायटीच्या आर्किटेक्टने करावी आणि सभासदाची सही त्यावर असावी. बिल्डरच्या माणसाने केलेली मोजणी चालवून घेऊ नका.

सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय मराठीतच आहे, कमिटीतल्या प्रत्येकाने वाचावा. विकासक निवडायच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती हवी, निबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी हवा, चित्रीकरण हवं. विकासकाने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी द्यायची, असंही त्यात आहे. हीच अट व्यवहारात सगळ्यात आधी गायब होते. "त्याऐवजी तुम्हाला दोन फ्लॅट लिहून देतो" असं म्हणतात. जे फ्लॅट अजून हवेत आहेत ते हमी म्हणून घ्यायचे की नाही, तुम्हीच ठरवा.

आणखी एक. विक्रीच्या घरांना महारेराचं, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाचं, संरक्षण असतं, जुन्या सभासदाला ते तसं मिळत नाही. त्याचं कवच म्हणजे नोंदणीकृत विकास करार आणि प्रत्येकाचा स्वतंत्र पर्यायी घराचा करार. बिल्डर प्रकल्पावर कर्ज काढेल तेव्हा सभासदांची घरं गहाण पडणार नाहीत, हे वाक्य करारात हवंच. आणि बांधकाम परवानगी हातात आल्याशिवाय एकानेही घर सोडायचं नाही. भाड्याचे चेक वटायचे थांबले आणि प्लॉटवर नुसतं गवत वाढलं, अशी सोसायटी तुमच्या ओळखीत नक्की असेल. त्यातल्या बहुतेकांनी परवानगीआधी चाव्या दिलेल्या असतात.

स्वयंपुनर्विकास

बिल्डरचा नफा सोसायटीकडेच ठेवायचा, हा मूळ विचार. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने मुंबईत यासाठी कर्ज द्यायला सुरुवात केली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र निर्णय काढला: १० टक्के जादा एफएसआय, कर्जाच्या व्याजात ४ टक्के सवलत, एक खिडकी, तीन वर्षांत काम पूर्ण करायची अट. यातलं तुमच्या प्लॉटला आज प्रत्यक्षात काय मिळतं, ते आर्किटेक्टकडून लेखी घ्या. भाषणातली सवलत फिजिबिलिटी रिपोर्टमध्ये धरू नका.

सभासदांना मोठी घरं मिळतात हे खरं. पण विक्रीचे फ्लॅट विकायला काढलेत की सोसायटीच प्रवर्तक, म्हणजे कायद्याच्या नजरेत बिल्डर, होते. महारेराची नोंदणी सोसायटीच्या नावाने, ग्राहकांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात, ताबा लांबला तर उत्तर द्यायचं चेअरमनने. बाजार थंडावला तर व्याजाचं मीटर सोसायटीवर. कंत्राटदाराचं बिल पास करायला, पीएमसीशी (प्रकल्प सल्लागाराशी) हुज्जत घालायला, साइटवर चक्कर मारायला माणसं लागतात. निवृत्त इंजिनीअर, बँकेतले एखादे काका, कागदपत्रांत मुरलेली एखादी वहिनी अशी मोट सोसायटीत असेल, जमीन नावावर असेल, रस्ता नऊच्या वर असेल, तर मी बिल्डरकडे जाणार नाही. पण पार्किंगच्या रेषेवरून ज्या सोसायटीत पोलीस चौकी गाठली जाते, तिने हा नाद करू नये. इथे पैशापेक्षा आपसातला विश्वास आधी संपतो.

क्लस्टर

हे तुम्ही निवडता असं म्हणणं धाडसाचं आहे, बहुतेक वेळा ते तुमच्यापर्यंत येतं. शिळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधली इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली, ७४ माणसं गेली. ठाण्यातल्या अनधिकृत इमारतींचं काय करायचं, हा प्रश्न त्यानंतर टाळता येईना. एकेक इमारत पाडून बांधायची तर जमीन दुसऱ्याची, परवानगी नाही, रस्ता तीन मीटरचा. म्हणून किमान १०,००० चौरस मीटरचा पट्टा एकत्र घ्यायचा, ४ पर्यंत एफएसआय द्यायचा, आणि रस्ते, मैदान, शाळा, दवाखाना यांसकट नवा नकाशा काढायचा. किसननगरमध्ये जून २०२३ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हस्ते भूमिपूजन झालं, कामात सिडकोला घेतलं.

किसननगरच्या गल्लीत कधी गेला असाल तर हे का लागतं ते वेगळं सांगायला नको. समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटी देता येते, खाली बाईक आली की माणसाने ओट्यावर चढायचं, ॲम्ब्युलन्स मुख्य रस्त्यावरच थांबते. ज्या इमारतीला सीसी (बांधकाम परवानगी) नाही, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नाही, जमिनीचा पत्ता नाही, तिथे कुठलाही बिल्डर यायचा नाही आणि बँकही यायची नाही. तिथल्या रहिवाशासाठी क्लस्टर हा जवळजवळ एकमेव रस्ता आहे, आणि त्याने तो धरून ठेवावा.

पण त्याच पट्ट्यात एखादी रीतसर, ओसी असलेली, कन्व्हेयन्स झालेली सोसायटी असेल, तर तिचं दुखणं वेगळं. तिचा स्वतःचा सौदा थांबतो, निर्णय शेजारच्या शंभर इमारतींच्या गतीने होतो. गावठाण-कोळीवाड्यांनी क्लस्टरला विरोध केला तोही उगाच नाही, स्वतःच्या जमिनीवरचं घर आणि टॉवरमधला फ्लॅट यांचा हिशोब एक नसतो. तुमचा प्लॉट कुठल्या आराखड्यात येतो का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात लेखी विचारा. नगरसेवकाच्या तोंडी शब्दावर राहू नका, मग तो कितीही घरचा असो.

थांबण्यात धोका असतो तो इमारतीचा. ऑगस्ट २०१५ मध्ये बी-केबिनजवळची कृष्णा निवास ही इमारत पडली. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, कायद्यानेच लागतं. त्यात सी-१ शेरा आला म्हणजे इमारत तातडीने रिकामी करायची, मग क्लस्टर होवो न होवो. निघताना घराच्या क्षेत्रफळाचा दाखला महापालिकेकडून घ्या. बरेच जण एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरच्या १६० चौरस फुटांच्या घरांत जातात आणि दाखला मागायचं राहून जातं. सी-२ए आला तर रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी आला तर राहत्या घरात दुरुस्ती. हे दोन शेरे असतील तर तुमच्याकडे विचार करायला वेळ आहे.

गल्लीचं काय होतं

या प्रश्नावर सभेत कुणी बोलत नाही. एकेकट्या पुनर्विकासात तुमचं घर सुधारतं, गल्ली तीच राहते. सोळा घरांच्या जागी साठ होतात, नाला तेवढाच, पाण्याची लाइन तेवढीच, आणि उन्हाळ्यात टँकर. चार सोसायट्या लागोपाठ पाडल्या की तीन वर्षं मुलं खेळायची कुठे आणि सार्वजनिक गणपतीचा मंडप घालायचा कुठे, हे प्रश्न उरतात. क्लस्टरमध्ये निदान नकाशात मैदान असतं. दुसरीकडे, चरईतला जो माणूस संध्याकाळी चालत ग्रंथसंग्रहालयात जातो, मासुंदा तलावावर एक फेरी मारतो, त्याला त्याच प्लॉटवर परत यायची खात्री बिल्डर किंवा स्वयंपुनर्विकासच देतो.

नव्या इमारतीचा मेंटेनन्स आत्ताच काढून बघा. दोन लिफ्ट, अग्निशमन, पंप, मेकॅनिकल पार्किंग. पेन्शनवर जगणाऱ्या जोडप्याला कॉर्पसचं व्याज पुरलं नाही, तर ते दोन वर्षांत घर विकून बदलापूरला जातात. म्हणून मी दहा फूट वाढीव जागेपेक्षा जास्त कॉर्पस मागेन. भाडेकरूंना, तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याला, पिठाच्या गिरणीला या सगळ्यात काय मिळतं? दुकान मालकीचं असेल तर दुकान, लिव्ह अँड लायसन्सवर असेल तर नोटीस.

नवी मुंबईतल्या वाशी-नेरूळच्या सिडकोनिर्मित इमारतींना यातलं बरंच लागू आहे, पण तिथे जमीन भाडेपट्ट्याची आणि मालक सिडको. त्यामुळे कन्व्हेयन्सऐवजी आधी सिडकोची ना-हरकत आणि हस्तांतरणाची थकबाकी बघावी लागते.

ठाण्यात मात्र कुठलाही पर्याय डोक्यात असो, पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर विकासकाची नावं घेऊ नका. पहिला विषय कन्व्हेयन्सचा अर्ज, दुसरा प्रत्येक घराची मोजणी, तिसरा रस्त्याच्या रुंदीचा महापालिकेकडून लेखी दाखला. या तिन्हींच्या खर्चाला घरटी वर्गणी काढावी लागेल. ती द्यायला किती जण कुरकुर करतात ते बघा, स्वयंपुनर्विकास जमेल की नाही याचं उत्तर तिथेच मिळेल.