बुडबुडे दाखवून हेड उघडायला लावतात

रेडिएटरचं झाकण काढलेलं, इंजिन चालू, आणि तोंडाशी पाण्यात बुडबुडे. जुन्या ट्रकच्या मालकाला एवढं दाखवलं की त्याचं तोंडच बंद होतं. "शेठ, बघा, कंप्रेशन मारतंय. हेड गॅस्केट गेलं." हेड म्हणजे सिलिंडरवरचं जड झाकण, गॅस्केट म्हणजे त्याच्याखालचं सील. ते गेल्यावर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरून बुडबुडे येतात हे खरंच आहे, म्हणून तर हा डाव चालतो.

पुण्यातल्या एका जुन्या टाटा ट्रकच्या मालकाला हा अनुभव पुरता महागात पडला. इंजिन कमिन्सचं ६बीटी. तक्रार एवढीच की खंबाटकी चढून साताऱ्याला जाऊन आलं की लिटरभर पाणी कमी व्हायचं. गॅरेजवाल्याने बुडबुडे दाखवले आणि हेड उतरवलं. या इंजिनाला सहाही सिलिंडरवर मिळून एकच अखंड हेड असतं, बोल्ट २६. त्यामुळे मजुरी दणकून लागली. वर हेड फेसिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, गॅस्केट सेट, "रेडिएटर पण चोक आहे" म्हणून रिकोर (आतली जाळी बदलणं), आणि नवं कूलंट. बिल ५४,३०० रुपये. तीन आठवड्यांत पाणी पुन्हा तेवढंच कमी, बुडबुडे तसेच. दोष निघाला ब्रेकच्या एअर कंप्रेसरमध्ये. त्याच्या हेडखालचं छोटं गॅस्केट फुटलं होतं.

मेकॅनिकचा अंदाज चुकला असं म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण बुडबुडे दाखवताना गॅरेजचा पोरगा केबिनमध्ये बसून सारखा ब्रेक मारत होता. मालकाला वाटलं, गाडी हलू नये म्हणून. खरं कारण वेगळं होतं.

एअर ब्रेकच्या बऱ्याच ट्रकना कंप्रेसरचं हेड इंजिनच्याच पाण्यावर थंड होतं. पाण्याच्या दोन बारीक नळ्या इंजिनातून तिथे जाऊन परत येतात. ते गॅस्केट फुटलं की दाबाची हवा पाण्यात शिरते आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात, दिसायला अगदी हेड गॅस्केटसारखे. ही हवा पाण्याला ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर ढकलते, म्हणून पाणी कमी होतं आणि खाली जमिनीवर थेंबही सापडत नाही. मात्र हवेची टाकी भरली, गेज साधारण ७ ते ८ बारवर गेलं, की अनलोडर (टाकी भरल्यावर कंप्रेसर मोकळा सोडणारी झडप) 'फुस्स' करतो आणि कंप्रेसरवरचा दाब उतरतो. मग बुडबुडेही थांबतात. टाकी भरूच नये म्हणून पोरगा ब्रेक मारत होता. म्हणजे दोष कुठे आहे हे गॅरेजवाल्याला पक्कं ठाऊक होतं.

हीच तपासणी घरच्या अंगणात दहा मिनिटांत होते. चाकांखाली पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. इंजिन गार असतानाच झाकण काढा, गरम असताना कधीच नाही. पाणी काठोकाठ भरा, इंजिन चालू करा आणि केबिनमध्ये कुणालाही बसू देऊ नका. टाकी भरत असताना बुडबुडे आणि 'फुस्स' झाल्यावर बंद, असं दिसलं तर कंप्रेसर. मग पाच-सहा वेळा ब्रेक दाबून दाब उतरवा. बुडबुडे परत सुरू झाले की शंका उरत नाही. तरी खात्री हवी असेल तर कंप्रेसरच्या दोन्ही पाणीनळ्या सोडून इंजिनकडची दोन टोकं होज पाइपच्या तुकड्याने एकमेकांना जोडा आणि गाडी चालू करा. पण दोन-तीन मिनिटंच, कारण तेवढा वेळ कंप्रेसरला पाणी नसतं.

खऱ्या हेड गॅस्केटच्या बुडबुड्यांना टाकीशी देणंघेणं नसतं. गार इंजिन चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो आणि रेस दिली की पाणी तोंडातून उसळतं. पाणी कमी असेल तर पंपही हवा ओढून बुडबुडे काढतो. म्हणून पट्टा उतरवून, पंप बंद ठेवून मिनिटभर बघावं. पाण्यात सिलिंडरचा गॅस आहे का हे दाखवणारी निळ्या द्रवाची गॅस टेस्ट मिळते, डिझेल गाडीत गॅस असेल तर द्रव हिरवट-पिवळा होतो. मात्र द्रवात कूलंट ओढलं गेलं तर ती टेस्ट बाद.

कंप्रेसरचं गॅस्केट बदलणं हे हेडच्या मानाने किरकोळ काम. आधी टाक्यांचे ड्रेन उघडून हवा पूर्ण सोडा, ठोकळे आहेत ना ते परत बघा, कारण आता ब्रेकला हवा नाही. कूलंट स्वच्छ बादलीत काढा. पाण्याच्या नळ्या आणि डिलिव्हरी पाइप (टाकीकडे हवा नेणारा) सोडा, हेड उचला. जुनं गॅस्केट खरवडताना कण सिलिंडरमध्ये पडू देऊ नका. हेडवर स्टीलची पट्टी उभी धरून फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) फिरवा, ०.०५ मिमीचं पातं खालून सरकलं तर काचेवर एमरी पेपर ठेवून हेड घासून सपाट करा. बोल्ट समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत, पुस्तकातल्या टॉर्कला. डिलिव्हरी पाइपमध्ये कार्बन दाटला असेल तर तोही साफ करा. तो तसाच ठेवला तर कंप्रेसर तापतो आणि नवं गॅस्केटही जातं. गॅस्केट किट नाना पेठेत मिळतं. जुन्या कंप्रेसरच्या पाटीवरचा नंबर लिहून न्या, अंदाजाने मागू नका.

बाहेरून गळती असेल तर प्रेशर टेस्ट, म्हणजे रेडिएटरमध्ये हवा भरून दाब टिकतो का ते बघणं. गॅरेजवाले ती टाळतात, कारण होजची पंचवीस रुपयांची क्लिप उघडी पडते. टेस्टर विकत मिळतो, पण घरीही जमतो. जुन्या झाकणाची स्प्रिंग काढायची, मधोमध ११.५ मिमीचं भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवायचा, वरच्या कडेला जाड रबरी वॉशर, ओव्हरफ्लोची नळी चिमट्यात दाबायची आणि गेजवाल्या हातपंपाने हवा भरायची. टायरवाल्याचा कंप्रेसर लावू नका, रेडिएटरची टाकी फाटेल. झाकणावर जेवढा दाब छापलाय तेवढाच, त्याहून काडीभर जास्त नाही. पंधरा मिनिटं काटा हलता कामा नये.

काटा उतरला की टॉर्च घेऊन फिरा. वॉटर पंपाच्या पोटाशी एक छोटं भोक असतं. तिथून ओघळ आणि हिरवट-पांढरा थर दिसला तर पंपाचं सील गेलं. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग आहेत. मग पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि एक दिवस पंखा रेडिएटरमध्ये घुसतो. सकाळी गार असताना टपटप आणि गरम झाल्यावर बंद, ही क्लिपची किंवा कडक झालेल्या होजची खूण. ब्लॉकमध्ये ठोकलेल्या पत्र्याच्या वाट्या, म्हणजे कोअर प्लग, आतून गंजतात. जुनी काढताना एका कडेवर ठोकून ती आडवी फिरवायची आणि पकडीने ओढायची, ब्लॉकच्या आत पाडायची नाही. बसायची जागा एमरीने चकचकीत करून, सीलंटचा पातळ हात देऊन, बेताच्या मापाच्या सॉकेटने नवी सरळ ठोकायची.

रेडिएटरचं झाकण स्वतःच मेलेलं असेल तर? पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, इथे साधं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. झाकण दाब धरत नसेल आणि आत नुसतं पाणी असेल तर घाटात गाडी फेसाळणारच. त्यालाही "हेड गेलं" म्हणतात.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दाखवणं हा दुसरा खेळ. पावसाळ्यात, गाडी जवळच्या जवळ फिरत असेल, तर ती नुसत्या वाफेचीही असते. "आपल्या हवेत लागत नाही" म्हणून कुणी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून ठेवला असेल तर हमखास. खरी परीक्षा अशी: गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी संपचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) ड्रेन बोल्ट हळूच सैल करा. ऑइलमध्ये पाणी असेल तर जड म्हणून आधी तेच येईल. उलट रेडिएटरमध्येच ऑइल तरंगत असेल आणि गॅस टेस्ट स्वच्छ असेल, तर हेडला हात लावण्याआधी ऑइल कूलर (पाण्याने ऑइल थंड करणारा भाग) काढून दाबाखाली तपासा.

आता रिकोर. जुनी जाळी तांब्या-पितळेची, वजनदार, आणि तांब्याचा भाव सगळ्यांना माहीत आहे. "चोक झाला" म्हणून ती ठेवून घेतात आणि कमी ओळींची हलकी जाळी बसवतात. गाडी सपाटीवर ठीक चालते, चढाला तापते. रेडिएटर देण्याआधी वजन करा आणि वरच्या टाकीच्या तोंडातून ट्यूबच्या ओळी मोजून फोटो काढा. चार ओळी दिल्या तर चारच परत आल्या पाहिजेत. जाळी चोक व्हायला बऱ्याचदा हळदही कारणीभूत असते. वाटेत गळती थांबवायला ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकतात, सुईएवढं भोक बुजतंही. घरापर्यंत पोचायला ठीक, पण पोचल्यावर सगळं पाणी काढून सिस्टिम धुतली नाही तर तीच ट्यूबमध्ये आणि ऑइल कूलरमध्ये गाळ होऊन बसते.

कूलंटमध्ये रंगीत पाणी विकणंही सर्रास चालतं. 'रेडी टू यूज' म्हणून घेतलेलं थोडं घट्ट झाकणाच्या बाटलीत, चिठ्ठी लावून, अन्नापासून लांब रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. निम्मं ग्लायकॉल असलेलं कूलंट उणे १८ अंशांना गोठत नाही, नुसतं रंगीत पाणी सकाळी दगड होतं. चाखून बघू नका. ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्री, पोरं पोचतील तिथे बादली उघडी ठेवू नका. घरी मिसळायचं तर कॉन्सन्ट्रेट आणि बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नव्हे) निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी घातलं तर आत क्षार धरतात. भरताना हीटर असेल तर त्याचा कॉक उघडा, पाणी हळूहळू ओता, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालू ठेवा, आणि गार झाल्यावर पातळी परत बघा. आत अडकलेली हवा निघते, लिटर-दोन लिटर आणखी बसतंच.

हेड उघडायचंच ठरलं तर काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्या की काढलेला प्रत्येक भाग परत मिळेल. गॅस जिथून फुटतो तिथे जुन्या गॅस्केटच्या धातूच्या कड्यावर काळा पट्टा उमटलेला असतो. सहाही कडी सारखी आणि स्वच्छ असतील तर बुडबुडे तिथून येत नव्हते. वरच्या प्रकरणात गॅस्केट मागितल्यावर "भंगारात गेलं" असं उत्तर मिळालं आणि बिलावर जीएसटी क्रमांकही नव्हता. पक्कं बिल, फोटो आणि जुने भाग असतील तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार होते. स्वतःच्या पोटापाण्यासाठी ट्रक चालवणारा मालक २०१९ च्या कायद्यात ग्राहकच धरला जातो. मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही.