पोटापाण्याची कुस्ती शिकवणारी तालीम

माझा भाचा गेल्या पावसाळ्यापासून कोल्हापुरातील एका जुन्या तालमीत राहून कुस्ती शिकतो आहे. वर्षभर मी महिन्यातून एकदा तरी तिथे जाऊन आलो. मुलाला तालमीत घालावे की नाही, या विचारात असलेल्या पालकांसाठी हा अभिप्राय लिहितो आहे. वस्तादांना आपले नाव छापून आलेले आवडत नाही, म्हणून तालमीचे नाव देत नाही.

कोल्हापूर म्हटले की शाहू महाराजांनी उभारलेले, 1912 साली पूर्ण झालेले खासबाग मैदान डोळ्यांपुढे येते आणि त्यामागोमाग हिंदकेसरी हा देशपातळीवरचा किताब जिंकलेले मल्ल आठवतात. या तालमीच्या भिंतीवरही मारुतीच्या तसबिरीशेजारी 1959 चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आणि 1960 चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर यांची छायाचित्रे आहेत. वस्तादांचे स्वतःचे छायाचित्र मात्र कुठेही नाही. त्यांना कधी मोठ्या किताबाची गदा मिळाली नाही. वीसेक वर्षे ते सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव भागातल्या जत्रांच्या फडांत, म्हणजे कुस्तीच्या मैदानांत, इनामाच्या क्रमाने तिसऱ्या-चौथ्या नंबरची कुस्ती धरत राहिले आणि त्या इनामावर त्यांनी स्वतःचा खुराक चालवून घरचा प्रपंचही ओढला. माझ्या मते या तालमीची खरी किंमत इथेच आहे, कारण तालमीत येणाऱ्या बहुतेक मुलांच्या वाट्याला, कुस्ती टिकलीच तर, हेच आयुष्य येणार आहे.

वस्तादांकडे खाकी कव्हर घातलेली एक लांबट वही आहे. तारीख, गाव, जोडीदार (म्हणजे समोरचा मल्ल), इनाम आणि निकाल असे रकाने त्यांनी हाताने आखलेले आहेत. निकालाच्या रकान्यात ‘चितपट’ जितक्या वेळा दिसते, जवळजवळ तितक्याच वेळा ‘बरोबरी’ दिसते. आणि जिथे हार झाली तिथे कोणत्या डावावर झाली हेही लिहिलेले आहे. एका पानावर ‘ढाक, डावा पाय उशिरा काढला’ एवढेच शब्द होते आणि त्यांच्याखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या. नव्या मुलांना ते हेच पान दाखवतात आणि मग कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरून तो डावा पाय केव्हा काढायला हवा होता ते स्वतः करून दाखवतात. हरलेल्या कुस्तीचा असा उपयोग करणारा शिक्षक मी दुसरा पाहिलेला नाही.

ढाक, घिस्सा, एकचाक, पट हे डाव सगळ्याच तालमींत शिकवले जातात. इथे त्यासोबत फडाचा व्यवहार शिकवला जातो. जोड तोलामोलाची नसेल तर यात्रा कमिटीला नम्रपणे नकार कसा द्यायचा, कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम कसे वाटले जाते, लागोपाठच्या दोन दिवशी दोन गावांचे फड का घ्यायचे नाहीत, हे सारे वस्ताद संध्याकाळच्या मेहनतीनंतर मुलांना समजावून सांगतात. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि वैशाखापर्यंत चालतो. माघात खांदा निखळला तर पुढच्या सगळ्या जत्रा बुडतात आणि खुराक उधारीवर येतो. रेवड्यांवरच्या, म्हणजे लहान मुलांच्या खाऊपुरत्या इनामाच्या, कुस्त्यांपासून सुरुवात केलेल्या मुलाला हा हिशेब वेळेवर कळणे फार गरजेचे आहे.

माती उत्तम आहे. तांबडी माती चाळून तिच्यात ताक, हळद, लिंबू आणि तेल मुरवलेले असते आणि ती रोज पहाटे मुलेच फावड्याने उकरतात. तालमीची फी नाममात्र आहे, पण दूध, तूप, बदाम आणि मटण यांचा खर्च घरूनच करावा लागतो आणि तो शेतकरी कुटुंबाला सहज पेलणारा नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

उणिवाही मोठ्या आहेत. इथे मॅट नाही. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती आणि गादी (म्हणजे मॅट) असे दोन विभाग असतात आणि त्या दोन्हींचे विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात, म्हणजे नुसत्या मातीवर तयार झालेला मल्ल अर्धीच तयारी घेऊन जातो. दुखापतीच्या बाबतीत तर मी वस्तादांशी स्पष्टच बोललो. भाच्याचे मनगट सुजले तेव्हा तीन दिवस नुसती मालीश चालली होती. मी येऊन एक्स-रे काढला तेव्हा हाडाला चीर गेल्याचे कळले. वस्तादांनी चूक मान्य केली आणि त्यानंतर दुखावलेल्या प्रत्येक मुलाला त्याच दिवशी डॉक्टरकडे नेले जाते, हे मी दोनदा पाहिले आहे.

गदेसाठी किंवा ऑलिम्पिकच्या कुस्तीसाठी मुलाला घडवायचे असेल, तर मॅटची सोय असलेले केंद्र पाहावे. फडातला पैलवान म्हणून धडधाकट अंगाने वर्षानुवर्षे टिकायचे असेल, तर मी हीच तालीम सुचवेन. मी पहिल्यांदा चौकशीला गेलो तेव्हा वस्ताद म्हणाले होते, “पाहुणं, पोरगं पावसाळ्याच्या तोंडाला आणा. जत्रा सुरू झाल्यावर आणलासा तर शिकवायला सवड कुणाला?” त्यामुळे जूनच्या सुरुवातीलाच जावे. सोबत दोन लंगोट, अंथरूण-पांघरूण आणि एक कोरी वही द्यावी. वही ते पहिल्याच दिवशी मागतात.