नवीन लॅपटॉपसाठी घेतलेला एएक्स३००० राउटर: एक पावसाळा काढल्यावरचा अनुभव

परवा राउटरचं फर्मवेअर अपडेट झालं आणि त्यात चॅनेलची रुंदी (वायफाय एका वेळी किती मेगाहर्ट्झची जागा वापरतं ती, मी ८० वर ठेवलेली) गुपचूप परत ऑटोवर, म्हणजे १६० वर गेली. संध्याकाळी लाईट गेली, दोन मिनिटांत आली, आणि परत तीच कटकट सुरू. राउटर चालू, इंटरनेटचा दिवा हिरवा, पण ५ गिगाहर्ट्झचा दिवा बंदच, लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झच्या हळू पट्ट्यावर जाऊन बसलेला आणि आई विचारतेय वायफाय का लटकलंय. आत्तापर्यंत लिहू लिहू म्हणत होतो, आता लिहूनच टाकतो. कंपनीचं नाव देत नाही कारण हे १६० मेगाहर्ट्झ रुंदीवाल्या बहुतेक सगळ्या राउटरना लागू आहे.

घ्यायचं कारण साधं होतं. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, सगळं फुटेज हॉलमधल्या डेस्कटॉपवर असतं आणि काम लॅपटॉपवर. नवीन लॅपटॉपमध्ये इंटेलचं एएक्स२११ वायफाय कार्ड आलं (१६० घेणारं), आणि राउटर मात्र जुना एसी१२००. त्याच्या बॉक्सवर १२०० चा आकडा एवढा मोठा आणि पोर्ट १०/१००, तेही मागच्या बाजूला बारीक अक्षरात. हे मला आजही पटत नाही. हवेतून ५ गिगाहर्ट्झवर ८६७ देणार म्हणता आणि वायरला शंभरचं भोक ठेवता, मग ते हवेतलं जाणार कुठे? प्लॅन ३०० चा, स्पीड टेस्ट कायम ९४ (हे आकडे मेगाबिटचे, आठाने भागलं की एमबी). शंभर जीबी कॉपी करायला अकरा एमबीच्या चालीनं अडीच तास. म्हणजे लॅपटॉप कितीही भारी घ्या, फाईल त्याच चालीनं येणार.

नवीन राउटर साडेतीन हजारांच्या आसपास पडला. सगळे पोर्ट गिगाबिट (म्हणजे शंभरऐवजी हजारचे) आहेत ना, हे ऑर्डर करण्याआधी तीनदा वाचलं. लावला तर नेटच येईना. केबलवाल्या दादाला फोन केला तर म्हणे, "सर, बाहेरचा राउटर आमच्याकडे चालत नाही, आमच्याकडूनच घ्यावा लागेल." म्हटलं दादा, पीपीपीओईचं (म्हणजे कनेक्शनच्या लॉगिनचं) युजरनेम पासवर्ड बरोबर आहे, मग अडतंय कुठे, तर सिस्टीममध्येच नाही म्हणे. अडलेलं होतं ते मॅक अॅड्रेसवर (प्रत्येक राउटरचा स्वतःचा ओळख क्रमांक). बऱ्याच लोकल केबलवाल्यांकडे कनेक्शन जुन्या राउटरच्या मॅकला बांधलेलं असतं. जुना राउटर उलटा केला, स्टिकर पार पुसट झालेला, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बारा अक्षरं वाचली (त्यातला ८ की बी हे कळायलाच वेळ गेला), नवीन राउटरच्या इंटरनेट सेटिंगमध्ये मॅक क्लोनमध्ये टाकली, सेव्ह केलं, तिसऱ्या सेकंदाला नेट चालू. ज्यांना "बाहेरचा चालत नाही" असं सांगितलं जातंय त्यांनी आधी हे करून बघा, उगाच त्यांच्याकडचा महाग राउटर गळ्यात घालून घेऊ नका.

त्यानंतर खरंच मजा आली. लॅपटॉपवर लिंक स्पीड (राउटरशी वायफायच्या जोडणीचा वेग) २४०२ दिसला, डेस्कटॉपवरून कॉपी ११० एमबीच्या आसपास, शंभर जीबी पंधरा-सोळा मिनिटांत. तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते.

मग पावसाळा लागला आणि लाईटचं जाणं-येणं सुरू झालं. १६० मेगाहर्ट्झचा मामला असा आहे की ५ गिगाहर्ट्झमध्ये एवढी रुंद सलग जागा म्हणजे चॅनेल ३६ ते ६४, नाहीतर १०० ते १२८. त्यातला ५२ ते ६४ हा भाग आणि १०० ते १२८ सगळाच रडारबरोबर वाटून घ्यायचा असतो. म्हणून राउटर चालू झाला की तिथे आधी किमान एक मिनिट नुसता ऐकत बसतो, रडार नाही अशी खात्री झाली की मगच ५ गिगाहर्ट्झ सुरू करतो. बूट व्हायचा वेळ वेगळाच. तेवढ्यात लॅपटॉप आणि फोन २.४ पकडून मोकळे, आणि दोन्हीला एकच नाव दिलं असेल तर कित्येकदा तिथून हलतच नाहीत. त्यात आमचं घर पुण्यात धानोरीला, लोहगाव विमानतळाच्या बाजूला. चालू कॉपीच्या मध्येच कनेक्शन तुटायचं आणि लॉग उघडला की रडार डिटेक्टेड. एकदा रडार दिसलं की ते चॅनेल अर्धा तास वापरायचं नाही असा नियमच आहे, मग राउटर दुसरीकडे उडी मारणार आणि माझी ऐंशी टक्क्यांवर आलेली कॉपी पहिल्यापासून.

आणि हे सगळं सोसून मिळतंय काय ते बघा. डेस्कटॉप गिगाबिट वायरवर आहे, ती वायर कितीही झालं तरी ९४० च्या आसपासच देणार. लिंक २४०२ असो नाहीतर पाच हजार, माझी फाईल ११० एमबीच्या फारशी पुढे जाणारच नाही. मग रुंदी ८० केली, चॅनेल १४९ वर लॉक केला (तिथे रडारची भानगड नाही), लिंक स्पीड १२०१ झाला आणि कॉपी ८५-९० एमबी. शंभर जीबीला तीन-चार मिनिटं जास्त. बस्स, एवढाच फरक. उलट बेडरूममध्ये दोन भिंतींपलीकडे ८० च जास्त टिकतं, कारण रुंदी दुप्पट केली की रिसीव्हर आजूबाजूचा गोंगाटही दुप्पट गोळा करतो. ऑक्टोबर २०१८ पासून आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झमध्ये एकूण ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरायला खुलं आहे, तरी आमच्या बिल्डिंगमध्ये बघावं तर सगळे ३६ वर गर्दी करून आणि १४९ मोकळं पडलेलं.

त्यामुळे माझं मत बदललंय. लॅपटॉपला साजेसा राउटर म्हणजे १६० वाला, हे मी आता कोणाला सांगणार नाही. गिगाबिट पोर्ट आधी बघा, बाकी सगळं नंतर. आणि विंडोजचं डिव्हाइस मॅनेजर उघडून लॅपटॉपमधलं कार्ड कुठलं आहे ते बघा. कित्येक स्वस्त लॅपटॉपमध्ये मीडियाटेकचं एमटी७९२१ असतं, ते वायफाय ६ आहे पण ८० च्या वर जातच नाही, त्याला एएक्स३००० घेणं म्हणजे हजार-दीड हजार पाण्यात. माझ्या भावाच्या लॅपटॉपमध्ये हेच निघालं, त्याला गिगाबिट पोर्टवाला एएक्स१५०० घ्यायला लावला आणि तो खूश आहे.

माझा राउटर मी ठेवलाय, गरम होत नाही, हँग होत नाही, ८० वर महिनोन्‌महिने रिस्टार्ट लागलेला नाही. परवाच्या प्रकारानंतर २.४ आणि ५ ला वेगळी नावं दिली आहेत, लॅपटॉपमध्ये २.४ सेव्हच केलेलं नाही. लाईटसाठी आता मिनी यूपीएसही घेतला. तो घेताना अडॅप्टरवरचा आकडा वाचा, माझ्या राउटरला १२ व्होल्ट दीड अँपिअर लागतं आणि फायबरच्या डब्याला वेगळं, दुकानदारानं आधी १२ व्होल्ट एक अँपिअरवाला काढून दिला होता, तो परत करून तीन अँपिअरवाला आणला. आणि फर्मवेअर अपडेट झालं की चॅनेलची सेटिंग एकदा उघडून बघत जा.