मुतखडा की अपेंडिक्स?

उजवीकडे पोट दुखलं की घरोघरी दोनच निदानं, मुतखडा नाहीतर अपेंडिक्स. मुतखड्याची कळ कमरेतून जांघेत उतरते, येते-जाते, माणूस एका जागी टिकत नाही, नुसता तळमळतो, लघवीही कधीकधी लालसर होते. अपेंडिक्सवाला बरोबर उलटा, पाय पोटाशी घेऊन गप्प पडून राहणार आणि खोकला आला किंवा रिक्षा स्पीडब्रेकरवरून गेली की कळवळणार. त्याचं दुखणं आधी बेंबीभोवती मोघम असतं, मग साधारण १२-२४ तासांत उजवीकडे खाली सरकतं, मळमळ, बारीक ताप, आणि भूक तर पार जाते (आमच्या भावाने पुरणपोळी नको म्हटलं तेव्हाच आईला शंका आली!). लहान मुलं आणि गरोदर बायकांमध्ये मात्र हे सगळं गंडतं, तिथे घरी अंदाज बांधत बसू नका. आणि एरंडेल तर अजिबात पाजू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवून सोनोग्राफी करा.