फाइलझिला सर्व्हर : फाउंड्रीच्या ऑफिसला पुरेसा, फक्त पोर्ट 21 ची ओळ आधी बघा

कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, कुठंही बघा, कास्टिंगची थ्रीडी फाइल ईमेलमधून जात नाही. ऑफिसातल्या विंडोज पीसीवरच एफटीपी (फाइली पाठवण्या-घेण्याची पद्धत) सर्व्हर उभा करायचा तर फाइलझिला सर्व्हरची मोफत आवृत्ती चांगली आहे. हलकी आहे, सर्व्हिस म्हणून चालते, वीज जाऊन आली तरी पीसीबरोबर आपोआप सुरू होते. एन्क्रिप्शनचं, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवण्याचं, मात्र इन्स्टॉल केल्या केल्या तपासा, नाहीतर गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग उघड्यावर जाईल.

‘कॉन्फिगर’मध्ये ‘सर्व्हर लिसनर्स’ उघडा. पोर्ट 21 (एफटीपी जोडणीचं नेहमीचं दार) समोरच्या प्रोटोकॉलमध्ये ‘अँड इनसिक्युअर प्लेन एफटीपी’ असे शब्द दिसले, तर तो पर्याय काढून ‘रिक्वायर एक्सप्लिसिट एफटीपी ओव्हर टीएलएस’ निवडा. मिश्र पर्यायात टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शन, मागायचं की नाही हे क्लायंट (समोरच्याच्या पीसीवरचा जोडणारा प्रोग्राम) ठरवतो. जुन्या प्रोग्रामनं मागितलं नाही, तर पासवर्ड साध्या अक्षरांत तारेवरून जातो आणि सर्व्हर तो मुकाट्यानं घेतो. आयपीव्ही4 आणि आयपीव्ही6 (इंटरनेट पत्त्यांचे दोन प्रकार) च्या ओळी वेगळ्या असतात. एकच बदलली तर दुसरं दार उघडंच. खात्री करायला क्लायंटमध्ये मुद्दाम ‘प्लेन एफटीपी’ निवडून जोडा. ‘503 यूज ऑथ फर्स्ट’ आलं की काम झालं.

टीएलएसची किमान आवृत्ती 1.2 ठेवा. स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र) चालतं, पण पहिल्या जोडणीला त्याचा एसएचए-256 ठसा (ओळख पटवणारी अक्षर-अंकांची ओळ) समोरच्याला फोनवर वाचून दाखवा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथं: लॉगिन होतं, पण फोल्डरची यादी येतच नाही. साध्या एफटीपीत राउटर संभाषण वाचून डेटाचं पोर्ट (यादी आणि फाइली वेगळ्या जोडणीनं जातात) स्वतः उघडू शकतो; एन्क्रिप्शन लावलं की त्याला काही वाचताच येत नाही. म्हणून ‘पॅसिव्ह मोड’मध्ये स्टॅटिक पब्लिक आयपी (ऑफिसच्या इंटरनेटचा न बदलणारा पत्ता) घाला, 50000 ते 50050 अशी पोर्टं ठरवा आणि तीच राउटरमध्ये या पीसीकडे फॉरवर्ड करा, विंडोज फायरवॉलमध्येही उघडा.

‘425’ सोबत ‘टीएलएस सेशन नॉट रिझ्यूम्ड’ आलं, तर दोष क्लायंटचा. डेटा जोडणीवर तेच सेशन पुढं चालवणारा क्लायंट द्या. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररला एफटीपीएस (टीएलएस लावलेली एफटीपी) जमत नाही.

पुण्याच्या कंपनीनं ‘एसएफटीपी, पोर्ट 22’ मागितलं, तर ही मोफत आवृत्ती उपयोगाची नाही. तो वेगळाच प्रोटोकॉल आहे; त्यासाठी विंडोज 10 किंवा 11 च्या ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ओपनएसएसएच सर्व्हर बसवा.