नाण्याचा फोटो: स्कॅनर, मोबाइल की मॅक्रो लेन्स?

नाणी जमवायला लागलं की हा प्रश्न येतोच. मी तिन्ही वापरलंय. उत्तर बरंचसं नाण्यावर ठरतं, म्हणून दोन नाणी समोर धरून सांगते: झिजलेली शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) आणि पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया.

स्कॅनर घरात असेल तर खर्च शून्य आणि माप चोख. 600 डीपीआयला (म्हणजे एका इंचात 600 ठिपके) 30.5 मिमीचा रुपया साधारण 720 पिक्सेल भरतो. संग्रहाची यादी करायला याहून सोपं काही नाही. पण त्याचा दिवा आपल्याला हवा तसा वळवता येत नाही. चांदीची झळाळी जाते, रुपया शिशाचा वाटतो. स्वस्त, चपट्या स्कॅनरमध्ये काचेपासून जरा वर राहिलेला भागही धूसर येतो, त्यामुळे होल्डरमधली, म्हणजे पारदर्शक कव्हरात ठेवलेली नाणी बादच.

मोबाइल या बाबतीत कितीतरी पुढे. फक्त तो नाण्याच्या अगदी जवळ नेऊ नका. सावली पडते आणि गोल नाणं लांबट दिसतं. वीसेक सेंटिमीटर वर स्टँडला अडकवा, दुप्पट झूम आणि टायमर लावा. आता दिवा. शिवराईला तो एका बाजूनं, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर ठेवा. समोरून सपाट दिसणारं ‘श्री राजा शिव’ सावली पडताच ओळीओळीनं वर येतं. पहिल्यांदा ते स्क्रीनवर उमटलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते. रुपयाला मात्र हाच प्रकाश मारक, कारण प्रत्येक बारीक ओरखडा त्यात ओरडतो. त्याला घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, उंचावर दोन दिवे हवेत.

मॅक्रो लेन्स, म्हणजे अगदी जवळून बारकावे टिपणारी कॅमेऱ्याची लेन्स, कधी घ्यावी? 1911 चा रुपया घ्या. राजाच्या अंगावरच्या साखळीतल्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली की तो डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि 1912 च्या रुपयावर हत्ती बदलला. ती सोंड किंवा मुंबई टांकसाळीची खूण असलेला बारीक ठिपका मोबाइलवर चिकट, रंगवल्यासारखा येतो. फोन आपल्या मनानं कडा धारदार करतो. लेन्सचं छिद्र एफ/8 वर ठेवलं की कोरीवकाम जसंच्या तसं येतं. प्रूफ नाणी (संग्राहकांसाठी पाडलेली, आरशासारखी चकचकीत) असतील तर लेन्सखाली 45 अंशात साधी काच धरून बाजूनं दिवा सोडायची पद्धतही शिकून घ्या.

माझा कौल: सुरुवातीला मोबाइल, स्टँड आणि दोन टेबल लॅम्प. लेन्स नाणी विकायची किंवा त्यांचे बारकावे अभ्यासायचे असतील तेव्हाच.

आणि फोटो चांगला यावा म्हणून नाणं चिंचेनं घासू नका. माझी एक शिवराई अशीच गुलाबी झाली. तिच्यावरचा जुना तपकिरी थर काही परत आला नाही.