गावठी औषध की डॉक्टर? कोकणातल्या माणसाने कसं ठरवायचं

आमच्याकडे तळकोकणात घरात कोणी आजारी पडलं की एका तासात चार मतं तयार असतात. आजी म्हणते आधी गावठी बघूया, मुंबईचा काका फोनवरून सांगतो की एमडीलाच दाखवा, शेजारच्या काकींचा होमिओपॅथीवर भरवसा, आणि ऑपरेशन सांगितलं असेल तर देवाला कौल लावून झाल्याशिवाय कोणी हलत नाही. कौलाबद्दल माझी काही तक्रार नाही, पण कौल होईपर्यंत आजार थांबणार आहे का एवढं आधी बघा. मी दोन्हीकडची तुलना याच एका प्रश्नावर करतो, कारण आयुर्वेद चांगला की ॲलोपॅथी चांगली असं सरसकट विचारलं की नुसती भांडणं होतात.

न थांबणारे आजार आधी. साप चावला तर तुलनाच नाही, सरळ सरकारी दवाखाना. १०८ ला फोन करा, ती यायला उशीर असेल तर मिळेल त्या गाडीने निघा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर मिळून एकच लस असते आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. आता लोक म्हणतात अमक्याच्या मुळीने माणूस वाचला. वाचला असेल हो, कारण बरेचसे साप बिनविषारी असतात आणि विषारी साप पण कधीकधी नुसता चावतो, विष सोडत नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतात, २० मिनिटं ती नळी अजिबात हलवत नाहीत आणि मग तिरकी करून बघतात, रक्त पाण्यासारखं वाहिलं तर लस सुरू. मुळीवाल्याकडे हे बघायची काही सोय नाही.

विंचवाचं पण तेच. लाल विंचवाच्या विषाचा हृदयावर परिणाम होतो, लहान मुलं पटकन जातात. त्यावर प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची साधी गोळी चालते हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं, १९८६ साली त्यांचं काम लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. म्हणजे या बाबतीत जगाला उपाय आपल्याच कोकणातून गेलाय आणि आपल्याकडे अजून उतारे काढणारे आहेत!

कावीळ हा खरा घोळाचा विषय. दूषित पाण्याने होणारी जी कावीळ असते, हिपॅटायटिस ए आणि ई, ती बहुतेक लोकांची काही आठवड्यांत आपली आपण बरी होते. डॉक्टरकडे पण त्यावर खास औषध नाही, तो आराम करा, दारू बंद करा आणि नीट जेवा एवढंच सांगतो. वैद्य दुधातून मुळी देतो, तेलकट बंद करायला लावतो, माणूस बरा होतो आणि श्रेय मुळीला जातं. इथपर्यंत दोघे सारखेच म्हणा. पण पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत शेतात अनवाणी उभ्या राहिलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या हात लावू देत नाहीत इतक्या दुखायला लागल्या, डोळे लाल आणि मग पिवळे झाले तर ती लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, असू शकते. उंदराच्या नाहीतर गुरांच्या मुतातून पाण्यात येते, पायाच्या भेगेतून अंगात शिरते. सुरुवातीला पकडली तर डॉक्सीसायक्लिन किंवा पेनिसिलिनसारख्या अँटिबायोटिकने आवरते, चार दिवस मुळी पीत बसलात तर किडनी बंद पडू शकते आणि मग गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला नाहीतर कोल्हापूरला पळापळ. त्यामुळे डोळे पिवळे दिसले की आधी रक्त तपासा, मुळीचं नंतर बघू. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही घरी ठेवू नका, हिपॅटायटिस ई तिच्या जिवावर बेतू शकतो. आणि मनगटावर डाग देणाऱ्यांकडे तर कोणीच जाऊ नका, प्लीज.

मुतखड्याला कुळथाचं पाणी नाहीतर पानफुटी पितात. खडा ५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर बहुतेक वेळा आपणच पडतो, तेव्हा सोनोग्राफी करून घ्या आणि खुशाल प्या कुळीथ. खड्याबरोबर थंडीताप असेल तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल. हाडवैद्याचं मत मी थोडक्यात सांगतो, एक्सरे काढल्याशिवाय पट्टी नको, आणि पट्टीनंतर बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर तिथल्या तिथे सोडा.

एक गोष्ट मला खटकते, झाडपाला म्हणजे साइड इफेक्ट नाही हे लोक छातीठोक सांगतात. सिंधुदुर्गातल्या जंगलात नरक्या नावाचं झाड मिळतं, त्याची चोरटी तोड होते कारण त्यातल्या द्रव्यापासून कॅन्सरची औषधं बनतात. सर्पगंधेने बीपी उतरतं हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलं, पुढे तिच्यातल्या रेसरपिनने पेशंट उदास होतात हेही कळलं. कोविडमध्ये गुळवेलीचे काढे पिऊन लिव्हर सुजलेल्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवल्यात. झाडात दम आहे म्हणूनच मोजून घ्यायचं असतं.

मग लोक वैद्याकडे जातातच का? मला वाटतं मुख्य कारण वेळ. वैद्य अर्धा तास बसवून झोप, पोट, घरातली कटकट सगळं विचारतो, ओपीडीत दोन मिनिटांत चिठ्ठी हातात येते. जुनी कंबरदुखी, पोटाच्या बारीकसारीक तक्रारी, अशा आजारात घाई नसते, तिथे चांगल्या बीएएमएस वैद्याकडे जायला माझी काहीच हरकत नाही, मालिश, पथ्य, शेक याने आराम पडतो. होमिओपॅथीच्या गोळ्यांचं माझं मत लोकांना आवडत नाही, औषधाचा म्हणून वेगळा परिणाम पक्का दिसलेला नाही, सर्दीपडशाला घेतल्या तर बिघडत नाही, पण शुगर आणि बीपीच्या गोळ्या बंद करून घेऊ नका.

कोणाकडेही गेलात तरी पुडीवर नाव, कंपनी आणि लायसन्स नंबर आहे का बघा. सांधेदुखीवर बिननावाची काळी पावडर घेऊन दोन दिवसांत चमत्कार झाला, भूक वाढली, तोंड गोल सुजलं, तर त्यात स्टिरॉइड घातलेलं असण्याची शक्यता मोठी. ती अचानक बंद पण करायची नसते, पुडी तशीच घेऊन डॉक्टरकडे जा.